सगुणाबाईचा पासवर्ड

सुवर्णा विधातेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका दुकानदाराशी भांडत होती, म्हणून मला ती लगेच आवडली.

सन दोन हजार तीन. पंचवटीतलं भांड्यांचं दुकान. आमच्या भाजीवाल्या बायांच्या संघटनेचा मेळावा होता, त्यासाठी मी चहाचं मोठं पातेलं बघायला गेले होते. शेठ गल्ल्यावर बसून कंप्युटर दाखवत होते. पोरानं वेबसाइट करून घेतली होती. उघडली की सनई वाजायची, दुकानाचं नाव उजवीकडून डावीकडे पळत सुटायचं, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, 'आमची कोठेही शाखा नाही.' समोर एक काटक बाई उभी. पंचविशीची, खांद्याला काळी बॅग, हातात हेल्मेट.

"शेठ, फोन नंबर कुठंय?" तिनं विचारलं.

"आत आहे. शोधला की सापडतो."

"गिऱ्हाइकानं पातेलं शोधायचं का तुमचा नंबर? आणि जी शाखा नाही ती सांगितलीत. जे दुकान आहे ते कधी उघडं असतं, ते कुठंच नाही."

"सोमवारी बंद. पोराला म्हटलं, साइटपण सोमवारी बंद ठेवत जा."

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "शेठ, दुकान बंद असतं तेव्हा दुकान सांभाळायला कुणीतरी पाहिजे, म्हणून तर साइट. ती सनई काढा आधी. माणूस कचेरीत बसून चोरून बघत असतो, सनई वाजली की साहेब मागं येऊन उभा राहतो."

शेठचं तोंड उतरलं. "मॅडम, तुम्हाला काय विकायचंय ते बोला."

"आज काही नाही. आज फुकट सांगितलं. उद्यापासून पैसे लागतील."

ती निघाली. पातेलं न घेता मीपण तिच्या मागं निघाले.

सुवर्णा मूळची सटाण्याची. नव्याण्णव साली नाशकात आली, कॉलेज अर्ध्यावर टाकून, मावसबहिणीच्या घरी. एका सायबर कॅफेत काउंटरवर बसायची. कुणाला मेल उघडून दे, कुणाच्या रिझल्टचा कागद काढून दे. मशीन रिकामं झालं की ही कुठलंही पान उघडायची आणि त्याच्या आतला मजकूर बाहेर काढून वहीत उतरवायची. पान दिसतं तसं का दिसतं, हे तिनं असं उलटं उसवून शिकून घेतलं. तीन दोनशेपानी वह्या भरल्या होत्या, मी पाहिल्यात. मी स्वतः सातवी. कायदा मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून, वकिलांच्या गप्पा ऐकून शिकले. त्यामुळं असं उभ्याउभ्या शिकलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं. त्याला कुणी सर्टिफिकेट विचारलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. हिच्यापण व्हायच्या.

पुढं ती वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात लागली. तिथं तिनं एक गोष्ट पाहिली. साइटचं जे नाव असतं, डोमेन म्हणतात त्याला, ते ठरावीक वर्षांसाठी घ्यावं लागतं आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरून पुढं न्यावं लागतं. तो साहेब गिऱ्हाइकाचं नाव स्वतःच्या नावावर घ्यायचा. गिऱ्हाइकाला पत्ताच नाही. एका रोपवाटिकेवाल्यानं काम दुसरीकडं द्यायचं म्हटलं तेव्हा साहेब म्हणाला, खुशाल जा, नाव इथंच राहील. चार वर्षं त्या माणसानं ते नाव पाट्यांवर, बिलांवर छापलं होतं. सुवर्णानं त्याच महिन्यात नोकरी सोडली.

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. कारण आमच्या बाजारात हेच चालतं. बाई वीस वर्षं ओट्यावर बसून मेथी विकते आणि ओट्याची पावती भलत्याच्याच नावावर. मी तिला म्हटलं, "अगं, तुझ्या त्या कंप्युटरमध्येपण ओटेच आहेत की."

"मग काय, लताबाई. तिथंपण पावती बघावी लागते."

इंदिरानगरला वरच्या मजल्यावर एक खोली, एक जुनी स्कूटी आणि हप्त्यावर घेतलेला कंप्युटर, एवढ्यावर तिनं स्वतःचं काम सुरू केलं. नियम एकच, आणि तो ती पहिल्या भेटीतच सांगायची. नाव तुमच्या नावावर, तुमच्याच मेलवर, पासवर्ड तुम्हीच ठेवायचा, मला सांगायचा नाही. लोक म्हणायचे, मॅडम तुम्हीच बघा ना, आम्हाला काय कळतं. मग ती सटाण्याच्या बोलीवर यायची, "हाई नाव तुन्हं शे, मन्हं नही." म्हणजे नाव तुझं आहे, माझं नाही. जो ऐकणार नाही त्याचं काम ती घ्यायची नाही. असली कामं सोडल्यापायी तिनं कितीदा नुसत्या खिचडीवर दिवस काढले, ते मला माहीत आहे.

तिला सगुणाबाईकडं मीच नेलं. सगुणाबाई म्हणजे रामकुंडामागच्या बोळातलं सगुणा यात्री निवास. सहा खोल्या, एक विहीर, दारात तुळस. मालक शहाण्णव साली गेले, तेव्हापासून बाई एकटीच चालवते. मुलगा भारत सिन्नरला कारखान्यात. रामकुंडावर श्राद्धाला, अस्थी घेऊन, गुजरातेतून, आंध्रातून माणसं येतात, त्यांना उतरायला जागा लागते. पण ती माणसं स्टेशनावर उतरायची आणि लहानूच्या हातात पडायची. लहानू रिक्षावाला, आणि चार-पाच रिक्षावाल्यांचा म्होरक्या. तो ज्या दारात गाडी उभी करील ते लॉज भरलेलं, बाकीच्यांनी माशा मारायच्या. त्याचं तोंड गोड ठेवायला सगुणाबाईला दिवाळीत त्याच्या घरी फराळ पोचवावा लागायचा. बोळातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं, त्या टग्याला. माझी नस तडकायची, पण बाई म्हणायची, "लता, तू भांडून घरी जाशील. खोल्या माझ्या रिकाम्या राहतील."

दोन हजार चारच्या पावसाळ्यात सुवर्णा तिच्या ओट्यावर बसली. सगुणाबाईनं मालकांचा हार घातलेला फोटो आणून समोर ठेवला. "हा टाक वर. धंदा त्यांनी काढला."

"काकू, गिऱ्हाईक आलं की दार कोण उघडतं?"

"मी."

"मग दार उघडणारीच दाखवायची. परगावचा माणूस आधीच घरातलं माणूस गमावून येतो. त्याला जिवंत तोंड बघू द्या."

"माझा कसला फोटो. लग्नानंतर एकटीचा काढलाच नाही कुणी."

"म्हणूनच काढायचा."

कमरेला किल्ल्यांचा जुडगा, एक हात चौकटीवर, असा दारातच फोटो काढला. हसा म्हटलं तर म्हणाली, "दात दाखवून कोण खोल्या देतं का?" फोटोखाली मजकूर सुवर्णानं लिहिला, हिंदीत आणि सोप्या इंग्रजीत. सगळ्यांत वर, मोठ्या आकड्यांत फोन नंबर. रामकुंड चालत पाच मिनिटं. पहाटे चारपासून गरम पाणी. खोलीचा दर जो आहे तो, उघड. आणि एक ओळ माझ्या आग्रहानं, 'रिक्षावाला म्हणाला की हे निवास बंद पडलं, तर आधी आम्हाला फोन करा.' सनई नाही, पळणारी अक्षरं नाहीत, देवाचा फोटोसुद्धा नाही. सगुणाबाई जरा नाराज झाली. सुवर्णा म्हणाली, "काकू, देव रामकुंडावर आहेतच. लोक इथं खोली शोधायला येतात."

तिनं फोनशेजारी एक वही ठेवायला लावली. येणाऱ्या प्रत्येक फोनला विचारायचं, आमचं नाव कुठून कळलं? आणि रेघ मारायची. रिक्षा, ओळखीचे, कंप्युटर, असे तीन रकाने. "साइट चालते का नाही ते मी सांगणार नाही," सुवर्णा म्हणायची, "तुमची वही सांगेल." पुढच्या मार्चपर्यंत कंप्युटरचा रकाना पान उलटून मागं गेला. त्या वर्षीच्या दिवाळीला लहानूचा फराळ बंद झाला.

नाव घेतलं ते मुहूर्तावर. गणेश चतुर्थी, अठरा सप्टेंबर दोन हजार चार. सगुणाबाई नऊवारी नेसून इंदिरानगरला आली, कंप्युटरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर जाता जाता राहिलं. नाव दोन वर्षांसाठी घेतलं, सगुणाबाईच्या नावावर. पासवर्ड टाकायच्या वेळी सुवर्णानं आम्हाला खोलीबाहेर काढलं आणि स्वतःपण बाहेर आली. "दहा आकडे टाका काकू, तुमच्या डोक्यात पक्के असतील असे. कुणाला सांगायचे नाहीत. भारतभाऊंना नाही, मला नाही."

चौथी शिकलेली बाई ती. पण शब्दाची पक्की.

आता चूक कुठं झाली ते सांगते. आम्ही सगळ्या तिथीनं जगणाऱ्या. गणपती आले की साइटचा वाढदिवस, असं आमच्या डोक्यात. पण कंप्युटर तारखेनं चालतो. दोन हजार सहा साली गणपती ऑगस्टातच येऊन गेले आणि अठरा सप्टेंबर पडला भर पितृपक्षात. सुवर्णानं जुलैपासून दोनदा आठवण करून दिली होती. सगुणाबाई म्हणाली, गणपती होऊ दे. गणपतीत गर्दी, गर्दीनंतर अंगात ताप, आणि ताप उतरला तोवर पंधरवडा सुरू.

"आता नाही," सगुणाबाई म्हणाली. "पितरांच्या पंधरवड्यात नवीन काही घ्यायचं नाही. घट बसले की करू."

"काकू, नवीन नाही. चालू आहे तेच पुढं न्यायचंय."

"मुदत संपली म्हणजे पुन्हा घेणंच आलं. साडी घेत नाही या दिवसांत, नाव घेऊ?"

"दूध घेता ना रोज?"

"ते पोटाला लागतं."

"हेपण पोटाचंच आहे, काकू. नाव लगेच जाणार नाही, खोटं सांगत नाही मी. पण सोमवारपासून पान बंद पडेल. शुक्रवारी सर्वपित्री अमावास्या. हेच चार दिवस तुमचे सगळ्यांत मोठे."

"असू दे."

बाहेर बोळात आल्यावर मी सुवर्णाला म्हटलं, "तूच करून टाक. तिला सांगूच नको."

"पासवर्ड माझ्याकडं नाही."

"तुला काढता येत नाही?"

"त्यांच्या मेलवरून काढता येईल. मेल मीच उघडून दिलाय. पण काढणार नाही."

"का गं? तिच्या भल्याचंच आहे ना?"

"तो ऑफिसवाला साहेबपण तेच म्हणायचा, लताबाई. गिऱ्हाइकाच्या भल्याचं. मी त्यांच्या माघारी एकदा बटण दाबलं की ते नाव माझं झालं."

मी फार बोलले तिला. तत्त्व घेऊन बस, तिकडं लहानू पेढे वाटेल, म्हातारीला पुन्हा फराळाचा डबा घेऊन त्याच्या दारात जावं लागेल, तेव्हा तू तुझ्या वह्या वाच. तिच्या कानाच्या पाळ्या लाल. मग हेल्मेट घातलं आणि म्हणाली, "चूक माझीपण आहे. मी तारीख सांगितली, तिथी नाही बघितली. पण चूक झाली म्हणून चोरी नाही करणार."

सोमवारी पान बंद पडलं.

मंगळवारी फोन दोनदा वाजला, एक राँग नंबर. बुधवारी वहीत एकही रेघ नाही. सहातल्या चार खोल्या रिकाम्या, अन् बोळातून पिंडदानाला आलेली माणसं भरभरून चाललेली. भारत सिन्नरहून आला आणि आईला न सांगता सायबर कॅफेत जाऊन पासवर्ड शोधायला बसला. वडील गेले ती तारीख टाकून पाहिली, नाही. स्वतःची जन्मतारीख टाकली, तीपण नाही. ती नसल्याचं त्याला जरा लागलंच. मला म्हणाला, "लतामावशी, मग आईच्या डोक्यात पक्कं आहे तरी काय?"

बुधवारीच लहानू आला. रिक्षा दारात आडवी लावली, पान चघळत खाली उतरला. "मावशी, कंप्युटर मेला म्हणे तुमचा. पाठवू का दोन पार्ट्या? आपलं जुनंच ठरलेलं."

सगुणाबाईनं त्याच्या तोंडावर दार लावलं. पण दार लावल्यावर ती कडी धरून किती वेळ उभी राहिली, ते मी आतून पाहिलं.

आणि सुवर्णा? ती रोज दुपारी यायची. इंदिरानगरहून स्कूटीवर, बॅगेत सेकंडहँड लॅपटॉप. ओट्यावर बसायची, पाणी प्यायची, विचारायची, "काकू, आज करायचं?"

"नाही."

"बरं." आणि उठायची. ना वाद, ना रुसवा. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. वसुलीला आलेला माणूससुद्धा तिसऱ्या दिवशी आवाज चढवतो. हिनं नाही चढवला.

गुरुवारी सकाळी मी श्राद्धाच्या स्वयंपाकाची भाजी घेऊन सगुणाबाईकडं गेले होते. गवार, भोपळा, कारली. आम्ही दोघी निवडत बसलो होतो, तेवढ्यात कडी वाजली. सगुणाबाईनं दार उघडलं. बाहेर राजकोटचं जोडपं, मागच्या वर्षी उतरलेलं. त्या माणसाच्या हातात शेवंतीचा हार. बाईला बघून तो एक पाऊल मागं सरला. त्याच्या बायकोनं तोंडावर पदर धरला.

"माँजी," तो म्हणाला.

सगुणाबाईनं हाराकडं पाहिलं. "ये हार किसको लाया?"

"माँजी, माफ करना. कल स्टेशनपे आपका नाम बोला, तो रिक्षावालेने कहा वो बुढ़िया तो गुजर गयी, घर बंद है. हमने माना नहीं. फोन नंबर तो आपके पन्नेसे ही लेते थे, तो कंप्युटरकी दुकानमें जाके देखा. वहाँ भी आप नहीं थीं. फिर मान लिया."

"और रुके कहाँ?"

"जहाँ उसने उतारा वहाँ."

मी तोवर चप्पल पायात घातली होती. स्टेशन किती लांब, लहानू किती दांडगा, काही डोक्यात नव्हतं.

"बस खाली," सगुणाबाई मला म्हणाली. आवाज असा की मी बसले. तिनं त्या माणसाच्या हातातून हार घेतला, आत गेली आणि मालकांच्या फोटोला घातला. "आणलाय तर वाया कशाला घालवायचा." मग परत येऊन भोपळ्याची फोड हातात घेऊन उभी राहिली. "लता, उद्या सर्वपित्री. उद्या माझंपण पान वाढून मोकळे होतील हे लोक."

मी पायातली चप्पल काढली.

"पितरांसाठी एवढ्या लांबून आलेली माणसं माझ्या नावानं येतात आणि माझ्या दारापासून दुसरीकडं जातात. हे कुठल्या पितराला आवडेल?" ती माझ्याशी बोलत नव्हती. फोटोशी बोलत होती. "त्या पोरीला फोन लाव."

सुवर्णा अर्ध्या तासात आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि रोजच्यासारखंच विचारलं, "काकू, आज करायचं?"

"करायचं. पितरांना काय सांगायचं ते मी बघते."

सुवर्णानं भिंतीवरच्या फोनची वायर काढून लॅपटॉपला लावली. लॅपटॉप बराच वेळ कूं-कूं करत राहिला, तेव्हा कुठं इंटरनेट लागलं. सिन्नरला भारतला मोबाईल लावला, बँकेचं कार्ड त्याचं होतं. मग लॅपटॉप सगुणाबाईपुढं सरकवला आणि कुणी सांगायच्या आधी स्वतः भिंतीकडं तोंड करून बसली. "टाका, काकू."

सगुणाबाईनं आमच्याकडं पाहिलं. "तोंडं फिरवा." मी फिरवलं. राजकोटवाल्या दोघांनापण काय समजलं कोण जाणे, त्यांनीही फिरवलं. मोबाईलमधून भारतचा आवाज आला, "आई, आकडे मला सांग ना, मी इथून—"

"तूपण फिरव."

एका बोटानं टक, टक. दहा आकडे. "चुकलं म्हणतंय गं."

"सावकाश, काकू. परत टाका." सुवर्णानं मान वळवली नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत बसली होती. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाची तारीख ती आधी दिनदर्शिकेत बघते, तिथीसकट, आणि पंधरवड्यात पडणार असेल तर आषाढातच मागं लागते.

पुन्हा टक, टक. यावेळी दर आकड्याला बाई थांबत होती.

"घेतलं," सगुणाबाई म्हणाली. "किती वर्षं, विचारतंय."

"तुम्ही सांगा."

"जास्तीत जास्त किती देतात?"

"दहा."

"दहा टाक. बघते मी कोण हार आणतो."

उद्या उजाडेपर्यंत पान परत दिसेल, असं सुवर्णानं सांगितलं. सगुणाबाई म्हणाली, "आणि माझ्या फोटोखाली एक ओळ घाल." सुवर्णा एरवी कुणाला एक शब्द वाढवू द्यायची नाही. पान जितकं थोडं तितकं चांगलं, हे तिचं ठरलेलं. पण तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली. "सांगा."

"मी आहे. फोन करा."

तिनं तसंच लिहिलं. काना-मात्रेचा फरक केला नाही. मग हिंदीत लिहिलं, मग इंग्रजीत.

राजकोटवाला त्या दुसऱ्या लॉजवरून पिशव्या आणायला गेला. मी उरलेली गवार निवडायला घेतली. सुवर्णानं लॅपटॉपची वायर काढून फोनला परत लावली, उचलून टोन ऐकला, खाली ठेवला. सगुणाबाईनं वही काढली, नवीन पान उघडलं, तीन रकाने आखले आणि रिक्षाच्या रकान्यावर आडवी फुली मारून फोनशेजारी पेन घेऊन बसली.